बैलाची धाव आणि न्यायाची भाषा : बैलगाडा शर्यतीच्या वादातील जैवयांत्रिक युक्तिवादाची चिकित्सा

सारांश

बैलगाडा शर्यतीच्या प्रश्नावर २०११ ते २०२३ या काळात अधिसूचना, न्यायनिर्णय, कायदादुरुस्ती आणि तज्ज्ञ अहवाल अशी मोठी लेखनसामग्री निर्माण झाली. या लेखनातील एक महत्त्वाचा युक्तिवाद बैलाच्या शरीररचनेवर उभा आहे. बैल हा धावण्यासाठी घडलेला प्राणी नाही, असे एका बाजूने म्हटले गेले; बैलाला धावण्याची उपजत क्षमता आहे, असे दुसऱ्या बाजूने मांडले गेले. प्रस्तुत लेखात या दोन्ही विधानांची प्राण्यांच्या संचलनाच्या जैवयांत्रिकीच्या आधारे चिकित्सा केली आहे. दोन्ही पक्षांनी क्षमतेचा प्रश्न विचारला. परंतु क्रौर्याचा निर्णय क्षमतेवरून नव्हे, तर गतीच्या नियंत्रणावरून व्हावयास हवा, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

कळीचे शब्द : संचलन, जैवयांत्रिकी, चालप्रकार, बैलगाडा शर्यत, गतिनियंत्रण, पशुकल्याण.

१. प्रस्तावना

महाराष्ट्राच्या ग्रामजीवनात बैल हा केवळ उत्पादनाचे साधन नाही. पोळ्याच्या दिवशी त्याची पूजा होते, त्याच्या खांद्यावर लोणी चोळले जाते आणि वर्षाचे उरलेले दिवस त्याच खांद्यावर जू असते. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील बैलगाडा, पश्चिम महाराष्ट्रातील छकड्यांच्या शर्यती आणि विदर्भातील शंकरपट ही या नात्याची उत्सवी रूपे होत. या उत्सवी रूपाविषयीचा वाद न्यायालयात गेला, तेव्हा मात्र चर्चेची भाषा बदलली. श्रद्धा आणि परंपरा यांच्या जोडीला खूर, सांधे, पोट आणि स्नायू हे शब्द न्यायालयीन कागदांत आले. प्राण्याच्या शरीराची रचना हा कायद्याच्या युक्तिवादाचा आधार बनला.

घटनाक्रम थोडक्यात असा. केंद्र शासनाने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने प्रदर्शन व खेळ यांसाठी प्रशिक्षित करण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ विरुद्ध ए. नागराज या खटल्यात तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती यांवर बंदी आणली. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे शर्यती तरीही थांबलेल्याच राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

या लेखनाची घटनात्मक अंगाने पुष्कळ चर्चा झाली आहे. प्रस्तुत लेखाचा रोख त्यातील जैवयांत्रिक आशयावर आहे. एखादे विधान न्यायालयात टिकले किंवा फेटाळले गेले, म्हणून ते विज्ञानाच्या दृष्टीने खरे किंवा खोटे ठरत नाही. म्हणून या विधानांचे परीक्षण त्यांच्या स्वतःच्या भूमीवर, म्हणजे प्राण्याच्या चालण्या-धावण्याच्या शास्त्राच्या भूमीवर, होणे आवश्यक आहे.

२. रचनेचा युक्तिवाद आणि त्याच्या मर्यादा

२०१४ च्या निर्णयात बैलाच्या धावेविरुद्ध दोन भिन्न प्रकारचे युक्तिवाद आढळतात. पहिला रचनेचा : बैलाचे पोट व छाती मोठी असून शरीर पिंपासारखे आहे, सांध्यांचे वाकणे मर्यादित आहे आणि दुभंगलेले खूर चालताना भार पेलण्यास योग्य असले तरी धावताना नाहीत, घोड्याची घडण याहून वेगळी आहे. दुसरा वर्तनाचा : बैल शर्यतीत धावतो तो भीतीने किंवा वेदनेने. हे दोन युक्तिवाद एकमेकांना पूरक म्हणून मांडले गेले. वस्तुतः त्यांचे बळ समान नाही.

प्रथम खुरांचा मुद्दा पाहू. मनमाडच्या दक्षिणेला लागून असलेल्या येवला तालुक्यात ममदापूरचे काळवीट संवर्धन राखीव क्षेत्र आहे. उघड्या माळरानावर काळविटांचे कळप तेथे पाहावयास मिळतात. काळवीट हा भारतातील सर्वांत वेगवान भूचर प्राण्यांपैकी एक गणला जातो. आणि काळविटाचे खूर दुभंगलेलेच असतात. इतकेच नव्हे, तर प्राणिशास्त्रीय वर्गीकरणात काळवीट आणि बैल एकाच कुळात मोडतात. दोघांच्याही पायात तिसऱ्या व चौथ्या बोटांची हाडे जोडली जाऊन एकच नळीचे हाड बनलेले असते आणि त्याच्या टोकाशी दोन बोटे जमिनीवर टेकतात. घोड्याने एका बोटावर धावण्याचा मार्ग पत्करला, तर या कुळाने दोन बोटांवर धावण्याचा. उत्क्रांतीच्या दृष्टीने हे एकाच प्रश्नाला मिळालेले दोन उत्तरे आहेत. दुभंगलेला खूर धावण्यास अडथळा ठरतो हे विधान मनमाडपासून काही मैलांवरचा माळही खोटे पाडतो.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. प्रौढ काळविटाचे वजन सुमारे ४० किलोग्रॅम, तर मध्यम बांध्याच्या बैलाचे सुमारे ४०० किलोग्रॅम. शरीराचा आकार वाढतो तेव्हा वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र वर्गाच्याच प्रमाणात वाढते. ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडली. या न्यायाने, दोन्ही प्राणी सर्व प्रमाणांत सारखे असते तर वजन दसपट झाल्यावर हाडांवरील ताण दुपटीहून किंचित अधिक झाला असता. म्हणजे काळविटाच्या उदाहरणाने खुराचा मुद्दा निकाली निघतो. आकाराचा मुद्दा शिल्लक राहतो.

आकाराच्या या अडचणीवर मोठ्या प्राण्यांनी शोधलेला उपाय म्हणजे सरळ पाय. प्राणी जितका मोठा, तितके त्याचे पाय धावताना कमी वाकतात. त्यामुळे जमिनीकडून येणारे बल सांध्यांच्या जवळून जाते आणि स्नायूंना कमी ओढ द्यावी लागते. उंदीर वाकलेल्या पायांनी धावतो, घोडा बऱ्याच सरळ पायांनी. हत्तीचे पाय तर खांबासारखे. अँड्र्यू बीवेनर यांनी १९८९ मध्ये लहानमोठ्या सस्तन प्राण्यांच्या तुलनेतून हा नियम स्पष्ट केला. या प्रकाशात पाहिले असता ‘सांध्यांचे मर्यादित वाकणे’ हे धावण्याच्या असमर्थतेचे लक्षण न राहता मोठ्या शरीराने भार पेलण्यासाठी केलेली तडजोड ठरते.

पिंपासारख्या शरीराचा मुद्दाही असाच तपासता येतो. अमेरिकेतील गवताळ प्रदेशातला बायसन हा बैलाच्याच कुळातील, त्याहून जड आणि तितकाच पिंपाकृती प्राणी आहे. तरीही तो चौखूर धावतो. एडवर्ड मायब्रिज याने १८७८ मध्ये घोड्याच्या धावेची क्रमवार छायाचित्रे घेऊन घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात की नाही, या जुन्या वादाचा निकाल लावला. १८८७ मधील त्याच्या ‘अॅनिमल लोकोमोशन’ या ७८१ चित्रपट्टांच्या संग्रहात बायसनची चौखूर धावही आहे. अर्थात, गोकुळातील जड प्राणी धावू शकतो याचा दृश्य पुरावा त्या निर्णयाच्या सव्वाशे वर्षे आधीपासून उपलब्ध होता.

सारांश, रचनेचा युक्तिवाद ज्या स्वरूपात मांडला गेला त्या स्वरूपात तो टिकत नाही. बैलाच्या बाजूने बोलू पाहणाऱ्या निर्णयाने आपला दुबळा आधार पुढे केला, आणि म्हणूनच पुढे त्याला उत्तर देणे सोपे गेले.

३. क्षमतेचा प्रतिवाद : ‘धावू शकतो’ म्हणजे काय?

हे उत्तर राज्याच्या वतीने आले. बैलाच्या धावण्याच्या क्षमतेविषयी तज्ज्ञ समितीचा अहवाल सर्वोच्च न्यायालयापुढे मांडण्यात आला. बैलाला धावण्याची नैसर्गिक क्षमता आहे, हा त्याचा मथितार्थ. वरील विवेचन पाहता हे विधान खरे मानावे लागते. गोठ्यातून सुटलेले वासरू शेपटी उंचावून चौखूर उधळते हे कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते आणि ‘उधळणे’ हे क्रियापद मराठीने बैलासाठी सहज वापरले आहे.

परंतु खरे विधान पुरेसे असतेच असे नाही. ‘धावू शकतो’ या विधानाला किती वेगाने, किती वेळ, किती ओझे ओढत, कोणत्या जमिनीवर आणि कोणत्या तापमानात या पाच प्रश्नांची जोड मिळाल्याशिवाय जैवयांत्रिक अर्थ प्राप्त होत नाही. या प्रश्नांच्या उत्तरांतच बैल आणि घोडा यांच्यातील खरे अंतर दडले आहे, आणि ते खुरात नसून छातीत आहे.

१९८० च्या दशकात सी. रिचर्ड टेलर, एवाल्ड वायबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी समान वजनाच्या प्राण्यांच्या जोड्या घेऊन त्यांची कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता मोजली. कुत्रा व बोकड, तट्टू व वासरू, घोडा व गोऱ्हा अशा या जोड्या होत्या. धावणाऱ्या जातींची ही क्षमता त्यांच्या जोडीदारांपेक्षा सुमारे अडीच पट आढळली. घोड्याचे हृदय मोठे, स्नायूंतील ऊर्जानिर्मितीची यंत्रणा दाट आणि श्रमाच्या वेळी प्लीहेतून रक्तपेशींचा साठा बाहेर टाकण्याची सोय उत्तम. बैलाजवळ हे भांडवल तुलनेने थोडे असते. प्राणवायूची कमाल मर्यादा ओलांडून धावायचे झाल्यास स्नायूंना प्राणवायूविना ऊर्जा निर्माण करावी लागते, तिच्यासोबत दुग्धाम्ल साचते आणि थकवा वेगाने चढतो. म्हणजे बैल थोड्या अंतराची उसळी घेऊ शकतो; ती टिकविणे त्याला घोड्यापेक्षा फार महाग पडते. मागे गाडा आणि त्यावर माणूस असल्यास ही किंमत आणखी वाढते.

दुसरे अंतर पोटाचे आहे. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या कोटीपोटात आंबत असलेल्या चाऱ्याचे व पाण्याचे वजन शरीरवजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके किंवा त्याहूनही अधिक असू शकते. डेनिस ब्रॅम्बल आणि डेव्हिड कॅरियर यांनी १९८३ मध्ये दाखविले की, चौखूर धावणारे प्राणी दर ढांगेला एक श्वास घेतात. श्वसन आणि पावले यांचा ताल जुळलेला असतो. श्वासपटलाच्या मागे हेलकावणारे हे ओझे या तालात भाग घेते. या दृष्टीने मोठ्या पोटाविषयीच्या निरीक्षणात तथ्याचा अंश आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष ‘धावता येत नाही’ असा नसून ‘चारापाण्यानंतर लगेच धावविणे अयोग्य आहे’ असा आहे.

तिसरी बाब जातीची. ‘बैल’ हा एकच प्राणी आहे असे गृहीत धरून दोन्ही बाजूंनी लिहिले गेले. सातारा, सांगली, सोलापूर या पट्ट्यातील खिल्लार आटोपशीर बांध्याचा, घट्ट कातडीचा व चपळ असतो. खानदेशात तापीकाठीही त्याचा एक प्रकार आढळतो. नाशिक जिल्ह्याच्याच इगतपुरी भागातील आणि शेजारच्या अकोल्यातील डांगी मात्र संथ, दणकट आणि अतिपावसाच्या डोंगराळ भातशेतीत टिकणारा. त्याच्या कातडीतील तेलकट स्राव व कठीण काळे खूर हे त्या प्रदेशाशी जुळलेले गुण होत. खिल्लारच्या धावेवरून डांगीविषयी, किंवा डांगीच्या संथपणावरून खिल्लारविषयी, विधान करणे शास्त्रीय दृष्ट्या अप्रस्तुत आहे. मनमाड हे नाशिक, खानदेश आणि मराठवाडा यांच्या सांध्यावरचे गाव. तेथून पश्चिमेस डांगीचा आणि उत्तरेस तापीकाठच्या खिल्लारचा मुलूख लागतो. एका शब्दाने दोघांना बांधणारा कायदा या भागात विशेष अपुरा वाटतो.

४. वेग, चाल आणि बल यांचा हिशेब

मराठीत जनावराच्या चालीसाठी चालणे, दुडकी आणि चौखूर धाव असे स्वतंत्र शब्द आहेत. जैवयांत्रिकीही हाच भेद मानते. चालताना शरीर पायावरून उलट्या लंबकासारखे जाते. उंचीची स्थितिज ऊर्जा आणि वेगाची गतिज ऊर्जा यांची परस्पर अदलाबदल होते व श्रम वाचतात. दुडकीत पाय आणि कंडरा स्प्रिंगसारखे दबतात व उसळतात. चौखूर धावेत या दोन्ही तत्त्वांची सांगड असते.

एका चालीतून दुसरीत जाण्याचा वेग आर. मॅकनील अलेक्झांडर यांनी फ्रूड अंकाच्या साह्याने सर्व आकारांच्या प्राण्यांसाठी एकत्र मांडला. वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण आणि पायाची उंची यांचा गुणाकार, हा तो अंक. तो साधारण अर्धा झाला की प्राणी चालणे सोडून दुडकू लागतो. दोन ते तीनच्या दरम्यान चौखूर होतो. बैलाच्या मागच्या पायाची खुब्यापर्यंतची उंची १.२ मीटर धरल्यास दुडकीची सुरुवात ताशी सुमारे ९ किलोमीटर वेगाला आणि चौखूर धावेची ताशी सुमारे १७ ते २१ किलोमीटर वेगाला अपेक्षित ठरते. ओढकामाचा नेहमीचा वेग ताशी तीन-चार किलोमीटरच असतो. म्हणजे औतात चालणारा आणि शर्यतीत धावणारा बैल यांच्यात दोन चालींचे अंतर आहे.

या अंतराचा खुरावर काय परिणाम होतो, याचा साधा हिशेब मांडता येतो. ४०० किलोग्रॅम वजनाच्या बैलाचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो; म्हणजे ढांगेच्या पूर्ण काळात एका पुढच्या पायाच्या वाट्याला सरासरी १२० किलोग्रॅम-भार येतो. चालताना पाय ढांगेच्या सुमारे साठ टक्के काळ जमिनीवर असतो. त्यामुळे टेकलेल्या काळातील सरासरी भार २०० होतो. वेगवान चौखूर धावेत पाय ढांगेच्या पाव हिस्सा काळच टेकलेला आहे असे मानल्यास तोच भार ४८०, आणि त्याचे शिखर सुमारे ७५० किलोग्रॅम-भार इतके होते. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार एका पायावर क्षणभर येतो.

हा हिशेब बैलाला जसा लागू आहे तसा घोड्यालाही. फरक इतकाच की, शर्यतीच्या घोड्याला हा भार पेलण्यासाठी महिनोन्‌महिने क्रमाक्रमाने तयार केले जाते आणि त्याचे हाड त्या भाराला प्रतिसाद देत बळकट होते. त्या तयारीनंतरही घोड्यांचे पाय मोडतात. वर्षभर रस्त्यावरील ओझी ओढणारा किंवा गोठ्यात बांधलेला बैल जत्रेच्या दिवशी एकाएकी या भारासमोर उभा केला गेला, तर प्रश्न त्याच्या जातिगत क्षमतेचा उरत नाही. त्याच्या तयारीचा होतो.

५. नियंत्रणाचा प्रश्न

येथवरच्या विवेचनाने दोन्ही पक्षांचे क्षमतेविषयीचे दावे मर्यादित केले. आता मूळ मुद्द्याकडे वळणे इष्ट ठरेल. बैल धावतो, तेव्हा त्याला कोण धाववते?

पायांच्या तालबद्ध हालचालीचा मूळ आराखडा मेंदूत नसून मेरुरज्जूत असतो. तेथील चेतापेशींची जाळी प्रत्येक पावलासाठी वरून आज्ञा न येताही ताल निर्माण करू शकतात. मॉस्को येथे शिक, सेव्हेरिन आणि ओर्लोव्स्की यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मोठा मेंदू विलग केलेल्या मांजराच्या मध्यमस्तिष्कातील एका विशिष्ट भागाला सौम्य विद्युत्‌चेतना दिली. मांजर फिरत्या पट्ट्यावर चालू लागले. चेतना वाढविताच ते दुडकू लागले आणि आणखी वाढविताच चौखूर धावू लागले. आज्ञेची केवळ तीव्रता बदलली. चालीचे सर्व बारकावे खालच्या यंत्रणेने स्वतः जुळविले.

या प्रयोगाचा प्रस्तुत वादाशी थेट संबंध आहे. चौखूर धाव ही यंत्रणा तिला मिळणाऱ्या चेतनेचा उगम तपासत नाही. आनंदाने उधळणारे वासरू, वाघापासून पळणारा रेडा आणि पराणीच्या आरेने टोचला गेलेला बैल या तिघांच्या पायांचा ताल मूलतः एकच असतो. म्हणून ‘बैल धावला’ या वस्तुस्थितीवरून तो राजीखुशीने धावला असे सिद्ध होत नाही, तसेच तो यातनेने धावला असेही सिद्ध होत नाही. क्षमतेचा अहवाल कितीही अचूक असला तरी तो या प्रश्नाला स्पर्शच करू शकत नाही. २०१४ च्या निर्णयातील वर्तनविषयक युक्तिवाद, म्हणजे भय आणि वेदना यांविषयीची निरीक्षणे, येथे महत्त्वाची ठरतात. शेपटी पिरगाळणे, चाबूक, टोकदार खिळे यांविषयीचा पुरावा हा खरा पुरावा होता. दुर्दैवाने चर्चेचा झोत खुरांवर आणि सांध्यांवर गेला आणि नियंत्रणाचा प्रश्न मागे पडला.

स्वेच्छेच्या धावेला काही मोजता येण्याजोगी लक्षणे असतात काय? याचे उत्तर घोड्यांवरील दोन अभ्यासांतून मिळते. डोनाल्ड हॉइट आणि टेलर यांनी १९८१ मध्ये दाखविले की, प्रत्येक चालीत ऊर्जा सर्वांत कमी लागणारा एक वेग असतो आणि मोकळा सोडलेला घोडा त्याच वेगाच्या आसपास राहणे पसंत करतो. क्लेअर फार्ली आणि टेलर यांनी १९९१ मध्ये घोड्यांच्या पाठीवर ओझे ठेवून त्यांना धावविले, तेव्हा ते कमी वेगालाच दुडकीतून चौखूर धावेत गेले. बदलाच्या क्षणी पायांवर येणारे बल मात्र ओझे असो वा नसो, सारखेच होते. चाल बदलताच ते बल कमी झाले. चाल बदलणे हा प्राण्याचा स्वसंरक्षणाचा मार्ग आहे, असा याचा अर्थ होतो. शरीर स्वतःवरचा ताण ओळखते आणि त्यानुसार वेग व चाल ठरविते.

जुवाखाली नेमके हेच स्वातंत्र्य आकुंचित होते. जोडीतील एक बैल थकला तरी दुसऱ्याच्या ढांगेशी त्याला जुळवून घ्यावे लागते. वेसण आणि कासरा त्याच्या मानेची हालचाल रोखतात. चौखूर धावेत मानेची वरखाली होणारी हालचाल ही तोल सांभाळण्याचे साधन असते. राज्याच्या काही भागांत एका जुवाला बैल आणि घोडा जोडण्याचीही प्रथा होती. ढांगेची लांबी, ताल आणि श्वास या तिन्ही बाबतींत भिन्न असलेल्या दोन प्राण्यांना अशा रीतीने बांधणे हे जैवयांत्रिक दृष्ट्या सर्वांत असमर्थनीय रूप म्हणावे लागेल. याउलट पुणे जिल्ह्यातील घाटांवर बैलांपुढे घोडी धावविली जाते. तेथे निदान काही अंशी वेदनेऐवजी पाठलागाची, कळपाच्या ओढीची प्रेरणा उपयोगात आणली जाते. दोन्ही ठिकाणी बैल धावतोच. पण नियंत्रणाचा प्रकार भिन्न असल्याने नैतिक मूल्यही भिन्न ठरते. क्षमतेच्या भाषेत हा भेद व्यक्त करता येत नाही.

६. २०२३ चा निर्णय आणि नियमांचे वाचन

घटनापीठाने २०२३ मध्ये शरीररचनेच्या वादात न शिरता वेगळा मार्ग घेतला. दुरुस्ती आणि तिच्याखालील नियम यांमुळे खेळाचे पूर्वीचे स्वरूप बदलले आहे व वेदनेची शक्यता बऱ्याच अंशी कमी झाली आहे, असे मानून त्याने कायदे वैध ठरविले आणि नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीची जबाबदारी प्रशासनावर टाकली. यामुळे या वादातील निर्णायक लेखन आता नियमावली हे ठरले आहे. तिचे वाचन नियंत्रणाच्या दृष्टीने करता येते.

धावपट्टी १००० मीटरपेक्षा अधिक नसावी आणि काठी, चाबूक, पराणी किंवा विजेचा धक्का देणारे साधन वापरू नये, या स्वरूपाच्या तरतुदी महाराष्ट्राच्या नियमावलीत आहेत. यांतील दुसरी तरतूद योग्य जागी बोट ठेवते, कारण ती चेतनेच्या उगमावर मर्यादा घालते. पहिली तरतूद मात्र क्षमतेच्या भाषेत अडकलेली आहे. अंतराची एकच मर्यादा खिल्लार व डांगी, माघ व वैशाख, मऊ माती व कठीण मुरूम या सर्वांना सारखीच लागू होते. प्राण्याच्या शरीराला अंतर कळत नाही. त्याला बल, उष्णता आणि प्राणवायूची तूट कळते.

धावेनंतर श्वसनाचा वेग पूर्ववत होण्यास लागणारा काळ, चारही पायांच्या ढांगांतील समानता किंवा लंगडेपणाची चिन्हे, आणि कासरा सैल सोडताच बैल आपण होऊन वेग कमी करतो की भेदरून धावतच राहतो, या तीन गोष्टी मैदानावर मोजता येतात. त्यांसाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. मायब्रिजला १८७८ मध्ये ओळीने कॅमेरे मांडावे लागले होते. आज खिशातील मोबाईल सेकंदाला २४० चित्रे घेतो. जिल्ह्यातील महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र, भौतिकशास्त्र आणि विधी हे विभाग पशुवैद्यकांच्या सहकार्याने अशी नोंद सहज करू शकतात. न्यायालयासमोर पुन्हा कधी हा प्रश्न आला, तर घोडा व बैल यांच्या पुस्तकी तुलनेऐवजी प्रत्यक्ष मोजमाप पुढे ठेवता येईल. बहुविद्याशाखीय अभ्यासाचा यापेक्षा अधिक निकडीचा विषय ग्रामीण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात. बैल धावण्यास शरीरतः असमर्थ आहे हे विधान जैवयांत्रिकीला मान्य होण्यासारखे नाही. त्याच्याच कुळातील काळवीट आणि बायसन त्याचा प्रतिवाद करतात. बैल धावू शकतो हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. प्राणवायू-ग्रहण, पोटाचे ओझे, पायांवरील भार आणि जातिभेद यांचा उल्लेख केल्याविना त्याला अर्थ येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, ही दोन्ही विधाने क्रौर्याच्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाहीत. माणूसही जड ओझे घेऊन अनवाणी धावू शकतो. म्हणून त्याला तसे धावविणे न्याय्य ठरत नाही.

प्राण्याला दुर्बल ठरवून त्याचे रक्षण करण्याची पद्धत शेवटी प्राण्याच्याच अंगाशी येते, कारण तो सबळ आहे असे दाखविताच संरक्षण कोसळते. २०१४ ते २०२१ या सात वर्षांत नेमके हेच घडले. प्राण्याच्या सामर्थ्याचा पूर्ण स्वीकार करूनही त्याच्या बाजूने उभे राहता येते. त्यासाठी ‘बैल धावू शकतो काय’ या प्रश्नाच्या जागी ‘थांबावेसे वाटले तर बैल थांबू शकतो काय’ हा प्रश्न ठेवावा लागेल. कायदा, पशुवैद्यक आणि शर्यतीचे चाहते या तिघांनाही या प्रश्नाचे उत्तर मैदानावरच शोधता येईल.